प्रश्न तुमचे: नजर अधू, पाळणाघर नवं

चष्मा लावून आणि उपचार करूनही ज्या मुलांची नजर अधूच राहते, पण जी पूर्ण अंध नाहीत, अशा मुलांना डॉक्टर ‘लो व्हिजन’ किंवा अल्पदृष्टी म्हणतात. अशी मुलं पहिल्यांदा पाळणाघरात जातात तेव्हा घरच्यांना आणि तिथल्या ताईंना पडणारे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. तपासणीत चष्म्यासह नजर ६/६० आली. पाळणाघरात विचारतात, “हिला नेमकं किती दिसतं?” अहवाल दाखवला तरी त्यांना काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नाही.

उत्तर : ६/६० म्हणजे निरोगी नजरेला जे ६० मीटरवरून ओळखू येतं, ते ओळखायला तुमच्या मुलीला ६ मीटरवर यावं लागतं. आकडा खरा आहे. पण तो मिळाला कसा, ते आठवा. शांत खोली, पुरेसा उजेड, पांढऱ्यावर ठसठशीत काळी आकृती, समोर एकच काम आणि शेजारी आई. पाळणाघरात यातलं काहीच नसतं. शिवाय नजरेचा आवाका किती, ऊन सोसतं का, संध्याकाळी काय होतं, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही. तेव्हा ताईंना अहवालाची प्रत द्या, पण त्यांच्या कामाचा कागद वेगळा. तो तुम्हालाच लिहावा लागेल.

त्यासाठी पाच-सहा दिवस घरात तिच्यावर लक्ष ठेवा आणि वहीत टिपत जा. घरचं माणूस न बोलता दारात उभं राहिलं तर ती किती अंतरावर ओळखते? जमिनीवर पडलेला चमचा साध्या फरशीवर सापडतो का, आणि नक्षीच्या चटईवर सापडतो का? चेंडू घरंगळत आला तर कुठून आलेला पटकन दिसतो, डावीकडून, उजवीकडून की खालून? उतरायची पायरी येण्याआधी थांबते की पाय टाकल्यावर कळते? उन्हातून घरात आल्यावर किती वेळ चाचपडते? दमल्यावर काय बदलतं? मात्र “हे काय? ही किती बोटं?” अशी परीक्षा घेत बसू नका. त्याला मुलं कंटाळतात आणि अंदाजाने उत्तर द्यायला शिकतात. खेळताना जे दिसेल तेच खरं.

मग त्यातून एक पान लिहा, जास्त नको. साधारण असं :

“चेहरा दीड मीटरवर ओळखते, त्याहून लांब असाल तर आधी नाव घेऊन हाक मारा. उजवीकडून आलेलं उशिरा दिसतं. खालची पायरी दिसत नाही, ‘पायरी आली’ एवढं म्हटलं की स्वतः उतरते. खिडकीकडे तोंड करून बसवलं तर डोळे मिटते. चित्र नाकाजवळ नेते, नेऊ द्या. दुपारी झोपून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं नजर मंद असते. चष्मा झोपेत सोडून कायम. स्वतःचे बूट स्वतः शोधते, देऊ नका.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ती काय करू शकते हे कागदावर नसेल, तर पहिल्या दिवसापासून सगळं तिच्यासाठी केलं जाईल आणि महिन्याभरात ती ते विसरेलही. दर तीन महिन्यांनी, आणि चष्मा किंवा औषध बदललं की लगेच, हे पान नव्याने लिहा.

प्रश्न : आमच्या पाळणाघरात पुढच्या महिन्यात कमी दिसणारा मुलगा येणार आहे. बाकी चौदा मुलं आहेत. खोलीत काय बदल करावे आणि पहिले दिवस कसे घ्यावे?

उत्तर : आधी एक काम करा. मुलं गेल्यावर खोलीत जमिनीवर मांडी घालून बसा, म्हणजे तुमचे डोळे त्याच्या उंचीवर येतील, आणि तिथून पाहा. खिडकीतला झोत थेट डोळ्यात येतो का? चकचकीत फरशीवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं का? अर्धवट उघडं दार समोरून कसं दिसतं? त्याची नुसती कड तुमच्याकडे असते, म्हणजे दोन बोटांची उभी रेघ. कमी दिसणाऱ्या मुलाला ती दिसतच नाही आणि कपाळ थेट तिच्यावर आपटतं. म्हणून पहिला नियम : दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. कपाटांची दारं आणि खणसुद्धा त्यातच आले.

दुसरं म्हणजे सामान हलवू नका. हलवावंच लागलं तर त्याला सोबत घेऊन, त्याचा हात लावून दाखवा. खोली पाठ करायला त्याला आठवडे लागलेले असतात आणि सुट्टीच्या दिवशी कुणीतरी हौसेने टेबलं फिरवतं. जमिनीवरची खेळणी टोपलीत आणि टोपलीची जागा ठरलेली. सगळ्या मुलांना दिवसातून तीनदा आवरायची सवय लागली तर ती तुमच्याही फायद्याची.

रंगाच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. अधू नजरेचं मूल म्हटलं की भिंतीभर भडक चित्रं लावली जातात. हवा असतो तो वस्तू आणि तिच्या मागची पार्श्वभूमी यांच्यातला फरक. पिवळा ठोकळा पांढऱ्या टेबलावर हरवतो, गडद निळ्या कापडावर उठून दिसतो. नक्षीच्या चटईवर दोन्ही हरवतात, आणि तिच्यातला काळा ठिपका मुलाला खड्डा वाटू शकतो. एकरंगी चटई घ्या. पायरीच्या कडेला, पाय ठेवतो त्या भागावर, पूर्ण रुंदीची चार-पाच सेंटिमीटर पट्टी लावा, पायरी गडद असेल तर पिवळी, फिकी असेल तर काळी. प्रत्येक पायरीला लावा. फक्त पहिल्या आणि शेवटच्या पायरीला लावली तर मधल्या पायऱ्या सपाट वाटतात. खेळणी काठ असलेल्या तबकात दिली की घरंगळून जात नाहीत. तबकाबाहेर गेलेला मणी आपल्याला हातभर अंतरावर दिसतो, त्याच्यापुरता तो संपलेला असतो.

तुम्ही स्वतः खिडकीला पाठ करून त्याच्याशी बोलू नका, तुमचा चेहरा नुसती काळी सावली होतो. उजेड तुमच्या तोंडावर आणि त्याच्या पाठीमागून किंवा खांद्यावरून यायला हवा. गाणी दिवसभर लावून ठेवू नका. खोलीत कोण कुठे आहे हे तो बराचसा कानाने ओळखतो. सतत गाणं म्हणजे आपल्यासाठी खोलीत धूर करून ठेवण्यासारखं.

आता पहिले दिवस. प्रवेशाआधी खोली रिकामी असताना आईवडिलांबरोबर दोन-तीन वेळा बोलवा, प्रत्येक वेळी अर्धा तास पुरे. पहिल्या भेटीत एकच जागा त्याची करा, खोलीचा एक कोपरा, तिथली चटई आणि तिथलं एक खेळणं. दुसऱ्या भेटीत दार ते खुंटी आणि खुंटी ते चटई हा एकच रस्ता. उचलून नेऊ नका, कडेवरून रस्ता शिकता येत नाही. भिंतीकडचा हात थोडा पुढे, कमरेच्या उंचीवर, आणि बोटांची मागची बाजू भिंतीला घासत चालायचं. बोटांची टोकं पुढे ठेवली तर फटीत किंवा बिजागरीत अडकतात, म्हणून मागची बाजू. वाटेत खुणा दाखवा : दाराची चौकट, मग खडबडीत पडदा, मग खुंट्या. त्याच्या खुंटीवर चित्र नको, हाताला कळेल असं काहीतरी घट्ट शिवून लावा, मखमलीचा तुकडा चालेल. सुटून तोंडात जाईल अशी छोटी वस्तू नको. दार ते खुंटी न चुकता जमायला लागलं की स्वच्छतागृहाचा रस्ता, मग अंगण. एका वेळी एकच रस्ता. सगळी इमारत एका दुपारी दाखवली तर काहीच लक्षात राहत नाही.

बरोबर चालताना त्याचा हात धरून ओढू नका. तुमची दोन बोटं किंवा मनगट त्याला धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमचा हात खाली-वर झाला की पायरी आल्याचं त्याला आपोआप कळतं, आणि नको असेल तेव्हा हात सोडता येतो.

बोलण्यात “इकडे ये”, “तिकडे ठेव”, “ते बघ” हे शब्द त्याच्या उपयोगाचे नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला डावं-उजवंही येत नसतं. “तुझ्या पायापाशी आहे”, “खिडकीच्या बाजूला” असं म्हणा, किंवा जिथे यायचं तिथे टेबलावर टकटक करा. हाक मारताना आधी नाव, मग काम. गोलात बसलेल्या पंधरा मुलांत “चला, आता उठा” हे आपल्यासाठी आहे की नाही, हे बाकीच्यांना ताईंच्या नजरेवरून कळतं, त्याला कळत नाही. ‘बघ’ हा शब्द मात्र टाळायची गरज नाही. तोही बघतच असतो.

प्रश्न : सोडायला गेलो की मुलगा फार रडतो. ताई म्हणतात, खेळात रमला की गुपचूप निघून जा. दोन दिवस तसं केलं तर तिसऱ्या दिवसापासून तो हाताने घट्ट धरलेली माझी पँट सोडायलाच तयार नाही.

उत्तर : गुपचूप जाणं बंद करा. दिसणारं मूल खेळता खेळता मान वर करून बाबा आहेत ना, हे दिवसातून पन्नास वेळा पाहून घेतं. तुमच्या मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला गप्प बसलेले बाबा दिसतच नाहीत. त्याच्या लेखी तुम्ही एक तर आवाजात असता किंवा हाताला लागता, नाही तर नसता. मग हात सुटला की बाबा जातात, हा त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा कसा म्हणायचा?

पहिले चार-पाच दिवस थांबा, पण आवाजाने थांबा. “मी दाराजवळच्या बाकावर बसतो” असं सांगा, तिथे त्याला एकदा नेऊन बाक दाखवा, आणि अधूनमधून तिथूनच दोन शब्द बोला. जागा बदलली तर तेही सांगा. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग खाऊच्या वेळेपर्यंत. दर वेळी जाताना सांगून जायचं आणि परत आल्यावर “मी आलो” म्हणून जवळ जाऊन हात लावायचा. निरोप रोज एकाच पद्धतीचा आणि छोटा असू द्या. “चार वाजता येतो” याचा त्याला उपयोग नाही. “झोपून उठलास, बूट घातलेस की मी येतो” हे कळतं. तुम्ही निघताना ताईंनी त्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन नावाने बोलावं. हातातून हात सुटला आणि पुढे कुणीच नाही, अशी पोकळी राहू नये.

रडू एकदम थांबणार नाही. पण “सांगून गेलेला माणूस परत येतो” हे त्याला पटायला लागलं की पँट सुटेल.

प्रश्न : आमच्याकडची अडीच वर्षांची मुलगी कधी लांबचा लाल फुगा पाहते आणि कधी समोरचं खेळणं दिसत नाही. डोळे चांगले आहेत, त्रास मेंदूतून आहे, असं आई सांगते. आमच्यातल्या काहींना ती नखरे करते असं वाटतं.

उत्तर : नखरे नाहीत. डोळ्यांनी पाठवलेलं चित्र मेंदूने उलगडायचं असतं. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं, फार लवकर जन्म होणं अशा कारणांनी मेंदूच्या त्या भागाला इजा झाली, तर डोळे धड असूनही दिसणं अडतं. अशा मुलांची नजर दिवसभरात वरखाली होते. भूक, झोप, ताप, गोंगाट, अनोळखी जागा या सगळ्यांनी ती घसरते. फुगा दिसला कारण तो एकटा, एकरंगी आणि हलणारा होता. खेळणं दिसलं नाही कारण ते इतर दहा खेळण्यांत पडलं होतं.

एका वेळी एकच वस्तू, साध्या काळ्या कापडावर ठेवा. लाल किंवा पिवळा असा एक ठळक रंग घ्या, पण तिला कोणता रंग आवडतो ते आईला विचारा. वस्तू किंचित हलवा आणि गप्प राहा. हे ‘गप्प राहणं’ सगळ्यात अवघड जातं. आपण “हे बघ, हे बघ बाळा” म्हणत राहतो आणि कान कामाला लागले की तिचे डोळे थांबतात. मनात दहापर्यंत मोजा, लागलं तर वीसपर्यंत. ती वस्तूकडे पाहील, मग मान वळवेल आणि न पाहता हात पुढे करेल. लक्ष नाही असं समजून वस्तू काढून घेऊ नका. पाहणं आणि हात नेणं या दोन गोष्टी ती एकामागून एक करते आहे. अशा बऱ्याच मुलांना खालच्या बाजूचं कमी दिसतं, म्हणून वस्तू छातीच्या उंचीवर धरून पाहा. पायात अडखळण्याचं कारणही तेच असू शकतं. डोळ्यांचं काम सकाळी, ताजी असताना आणि पाच-सात मिनिटं.

प्रश्न : चष्मा दर दहा मिनिटांनी काढून फेकतो. चांगल्या डोळ्यावर लावायच्या पट्टीचंही तेच.

उत्तर : आधी चष्मा तपासा, मुलाला नंतर समजावा. नाकावर वळ उठतो का, कानामागे लाल होतं का, मूल काचेच्या वरून पाहतं का? वरून पाहत असेल तर चष्मा घसरतो आहे. लहान मुलांना मागून लवचीक पट्टा असलेली, न फुटणाऱ्या काचांची फ्रेम घ्या. बोटांचे ठसे उमटलेल्या काचेतून कुणालाच दिसत नाही. ताईंनी दिवसातून तीन-चारदा पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावा, सदऱ्याच्या टोकाने नाही. आवडीचा खेळ सुरू करतानाच चष्मा घाला. काढला तर रागावू नका, लगेच परत घाला आणि खेळ पुढे चालू. मोतीबिंदू काढलेल्या आणि डोळ्यात भिंग न बसवलेल्या मुलांनी तर जागं असेपर्यंत तो काढता कामा नये, त्याच्याशिवाय सगळंच धूसर असतं.

अधू डोळ्याने काम करावं म्हणून चांगला डोळा झाकणाऱ्या पट्टीची गोष्ट निराळी. ती किती तास हे डॉक्टर ठरवतात, पण दिवसातली वेळ तुम्ही निवडू शकता. पट्टी असेपर्यंत मूल फक्त अधू डोळ्यावर असतं हे लोक विसरतात. नव्या जागेत, अंगणात, घसरगुंडीवर सुरुवातीला ती नको. पहिला महिना पट्टी घरी, ठोकळे किंवा चित्रं पाहताना लावा. पाळणाघर ओळखीचं झालं की तिथे न्या, आणि पट्टी लावली आहे हे रोज सोडताना तोंडी सांगा.

प्रश्न : नातू पुस्तक नाकाला लावतो आणि मान वाकडी करून पाहतो. पाळणाघरात सारखं “सरळ बस, लांब धर” चालू असतं. डोळे आणखी बिघडतील का?

उत्तर : नाही. अंतर निम्मं केलं की डोळ्यात उमटणारं चित्र दुप्पट मोठं होतं. नातवाने स्वतःच भिंगाची सोय केली आहे. ज्या मुलांचे डोळे सतत थरथरतात, त्यांना एका विशिष्ट कोनात थरथर सर्वांत कमी असते. मान तिरकी केली की तो कोन साधतो. मान सरळ करायला लावणं म्हणजे त्याचं दिसणं कमी करणं. पाठ वाकत असेल तर पुस्तक वर आणा, उतरत्या फळीवर ठेवा. मान नव्याने वाकडी व्हायला लागली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यात अंगठा किंवा मूठ दाबत राहणं ही वेगळी सवय आहे, ती मोडायला हवी. दाबल्याने डोळ्यापुढे उजेड चमकतो म्हणून मुलं ते करतात. ओरडून ती सुटत नाही. दोन्ही हात गुंततील असं काम द्यावं, माती मळायला किंवा पाणी ओतायला, आणि ही सवय कोणत्या वेळी वाढते ते पाहावं. बहुधा करायला काही नसतं तेव्हाच.

प्रश्न : जेवताना सांडतो म्हणून आम्ही भरवतो. अंगणातही एक मावशी पूर्ण वेळ त्याच्याबरोबर ठेवली आहे. बरोबर आहे ना?

उत्तर : हेतू चांगला, पण दोन्ही कमी करा. काठाची, एकरंगी ताटली द्या, आणि अन्नाच्या रंगाशी ती जुळू देऊ नका. पांढऱ्या पेल्यातलं दूध त्याला दिसत नाही, गडद पेल्यातलं दिसतं. पेला अर्धाच भरा आणि रोज त्याच जागी ठेवा. चमचा शिकवताना त्याच्या मागे बसा, तुमचा हात खाली आणि त्याचा वर. त्याचा हात पकडून आपण फिरवला की मूल हात आखडून घेतं, आणि हात हेच तर त्याचं दुसरं पाहणं. तुमच्या हातावर हात ठेवून तो काय चाललंय ते समजून घेईल, हवं तेव्हा काढेल. सांडेल तेव्हा फडकं त्याच्याच हाती द्या.

अंगणातली मावशी सतत चिकटून असली की बाकीची मुलं त्याच्याशी बोलतच नाहीत, मावशीशी बोलतात. तिने चार-पाच पावलं लांब राहावं आणि धोक्याच्या जागा सांभाळाव्या. खरा धोका झोक्याचा. हलता झोका बाजूने येतो आणि दिसेपर्यंत लागलेला असतो. झोक्याच्या वाऱ्याबाहेर जमिनीवर पायाला कळेल अशी हद्द करा, रबरी चटई किंवा जाड दोर, आणि “इथे पाय लागला की थांबायचं” हा नियम सगळ्याच मुलांना लावा. उन्हात जाताना पुढे काठ असलेली टोपी, आणि सांगितला असेल तर गडद चष्मा. आत येताना दाराच्या आत एका बाजूला थांबू द्या, डोळे स्थिरावायला त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, कधी पाच-दहा मिनिटंसुद्धा. मागून पंधरा मुलांची धावत येणारी रांग असेल तर त्याला सगळ्यांच्या आधी आत आणा.